बाई, हे घरी माहीत नव्हतं

तुमचं मूल यंदा आठवीत, नववीत किंवा दहावीत असेल, तर थोडं तुमच्याशी बोलायचं आहे. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. माणदेशातली शाळा, पाऊस बेताचा, मुलं वाड्यावस्त्यांवरून चालत येणारी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शाळेचं बोलावणं थांबलेलं नाही. दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की कुठल्या तरी तुकडीचा मेळावा ठरतो. कुणीतरी मोबाइलवर ग्रुप काढतं, एकाकडून दुसऱ्याचा नंबर मिळत जातो. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेले, मुंबईला माथाडी म्हणून गेलेले, पुण्यात कंपनीत असलेले आणि गावातच शेती धरून राहिलेले असे सगळे एका रविवारी शाळेच्या पटांगणात जमतात. परिपाठ होतो. जुन्या क्रमाने हजेरी घेतली जाते, आणि 'हजर' म्हणताना पन्नाशीतल्या माणसाचाही आवाज कापरा होतो. आम्हाला शाल-श्रीफळ देऊन पुढच्या खुर्च्यांवर बसवतात, मग माइक फिरू लागतो.

तिथे बसून मी पुष्कळ ऐकलं. त्यातलं एक तुमच्या कानावर घालावं असं फार दिवस मनात आहे. आठवण सांगून झाली की बोलणारा जरा थांबतो आणि आमच्याकडे बघून म्हणतो, "बाई, हे घरी माहीत नव्हतं." शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण प्रत्येक मेळाव्यात कुणी ना कुणी हे म्हणतंच. माणसं आयुष्यभर जपून ठेवतात त्या शाळेच्या आठवणींत आईवडील बहुधा नसतात.

१९७५ च्या तुकड्यांचं सांगते. त्या वर्षी बोर्डाला दोन तुकड्या एकदम बसल्या. जुन्या अकरावी मॅट्रिकची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली. एकाच मांडवाखाली दोन अभ्यासक्रम, दोन वयाची मुलं. २०२५ साली त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्ही तुकड्यांनी मिळून मेळावा घेतला. त्यांना शिकवणारे फार थोडे उरलेत, त्यामुळे आम्हा नंतरच्या शिक्षकांनाही निमंत्रण होतं. बहात्तरच्या दुष्काळात ही मुलं आठवी-नववीत होती. आमच्या भागात तेव्हा काय होतं हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आईबाप दुष्काळी कामावर. कुणी पाझर तलावावर माती वाहायचं, कुणी रस्त्याला खडी फोडायचं. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी यायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, आणि कामावर सुकडी मिळायची.

त्यातले एक गृहस्थ माइकवर आले. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं ते असं. मधल्या सुट्टीत पोरं डबे सोडायची तेव्हा हे हौदाकडे जायचे. पाणी प्यायचे, हातपाय धुवायचे, पुन्हा पाणी प्यायचे आणि घंटा होईपर्यंत तिथेच रेंगाळायचे. गणिताच्या सरांनी ते चार दिवस पाहिलं असावं. पाचव्या दिवशी त्यांनी वर्गात सगळ्यांसमोर दटावल्यासारखं सांगितलं, "तू रिकामाच हिंडतोस, तर माझा डबा घरून आणून दे. मला तेवढा वेळ होत नाही." सरांचं घर शाळेमागच्या आळीत. हे गेले तर सरांच्या पत्नीने डबा भरलेला नव्हताच. म्हणाल्या, "बस, भाकऱ्या होतायत." आणि बसवून आधी त्यांच्या पुढ्यात ताटली ठेवली. भाकरी, हुलग्याचं माडगं, कधी नुसता ठेचा. मग डबा हातात दिला. हे वर्षभर चाललं. रोज डबा भरायला त्यांना उशीर व्हायचा आणि रोज हे जेवून निघायचे. सर त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. यांनीही घरी सांगितलं नाही, कारण आई खडीवर होती आणि पोरगं शाळेत कुणाचं तरी खातंय हे तिला लागलं असतं.

ऐकताना मला सर्वांत मोठं वाटलं ते सरांचं 'तू रिकामाच हिंडतोस' हे वाक्य. उपाशी मुलाला त्यांनी जेवायला बोलावलं नाही, काम सांगितलं. त्या मुलाची मान वर्गात ताठ राहिली ती तेवढ्यामुळे. हे बी.एड.ला शिकवता येत नाही.

दुसरे एक जण बांधकामाचे मिस्त्री. त्यांना भूमिती कळत नव्हती. दहावीच्या वर्षी मुलं वळकट्या घेऊन शाळेतच मुक्कामाला असायची. आमच्याकडच्या कितीतरी शाळांतून अशी रात्रीची अभ्यासिका चाले. पेट्रोमॅक्सची बत्ती, सर व्हरांड्यात बाज टाकून झोपलेले, पहाटे चारला हाक. एका सकाळी सरांनी यांना उन्हात नेलं, हातभर काठी जमिनीत उभी रोवली आणि तिची सावली मोजायला लावली. मग झेंड्याच्या खांबाची सावली मोजायला लावली. "आता खांबाची उंची सांग, वर चढायचं नाही." समरूप त्रिकोण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात शिरला तो कायमचा. गुण त्यांना भूमितीत बेताचेच पडले. पण माइकवर त्यांनी हातवारे करून सगळी आकडेमोड पुन्हा सांगितली आणि समोरचे सत्तरीकडे झुकलेले विद्यार्थी ती मन लावून ऐकत होते.

त्यांच्या आईबापांनी काय केलं होतं? जूनमध्ये एकदा शाळेत येऊन, टोपी सावरत किंवा पदर डोक्यावर ओढून, "मास्तर, पोर तुमच्या ओटीत घातलंय" एवढं म्हणून ते परत गेले होते. शिकलेले नव्हते, वेळ नव्हता, हे खरंच. पण त्यांनी जागा सोडली होती. मूल आणि शिक्षक यांच्यामध्ये काही घडायचं तर थोडी मोकळी जागा लागते, आणि ती त्यांच्याकडून आपोआप सुटली. आज आपण शिकलेले आहोत, मुलांसाठी जिवाचं रान करतो, आणि नेमकी तीच जागा आपल्याकडून राहत नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते याबद्दल.

मोठ्या शिक्षकांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत आणि छात्रालयाचं काम पाहत. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या आवरून ठेवत, त्यांच्यासाठी 'छात्रालय' दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. हे आपल्यापर्यंत पोहोचलं ते त्या मुलांनी मोठेपणी सांगितलं म्हणून. आमच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. तिथे धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं. मुलांचे आईबाप लांबच्या गावी होते. त्यांच्या लेकरांच्या पोटात त्या दिवशी जे अन्न पडलं ते कशातून आलं, हे त्यांतल्या कितीजणांना कधी कळलं असेल?

आता आजच्या वर्गाकडे या. प्रत्येक तुकडीचा पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सूचना मिळतात, फी कळते, सहलीचं कळतं, ते चांगलंच आहे. पण दुपारी मूल घरी यायच्या आत त्याचा दिवस ग्रुपवर येऊन पडलेला असतो. वर्गात कोण कुणाला काय बोललं, कुणाची वही अपुरी, घटक चाचणीत कुणाला किती. मूल दप्तर ठेवतं तेव्हा आईला त्याच्याहून जास्त माहीत असतं. त्याने काय सांगायचं? सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरत नाही, आणि लपवण्यासारखं एखादं चांगलं गुपितही उरत नाही.

अर्ध्या गुणासाठी पालक शाळेत येतात. बाकावरची जागा बदलली म्हणून मुख्याध्यापकांना फोन जातो. मुलगा स्वतः सरांपुढे उभा राहून "सर, माझं हे उत्तर बरोबर आहे, तुम्ही गुण दिले नाहीत" असं म्हणू शकला असता. ते म्हणताना त्याची छाती धडधडली असती. सरांनी पेपर पुन्हा पाहिला असता, गुण दिला असता किंवा दिला नसता. काहीही झालं असतं तरी त्या मुलाने वीस वर्षांनी ते माइकवर सांगितलं असतं. आपण फोन केला आणि गुण मिळवला. आठवण मात्र गेली.

एका मुलीचं सांगते, कारण तिच्या बाबतीत मला हे अगदी स्वच्छ दिसलं. अलीकडची तुकडी, आता ती तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका आहे. दहावीला असताना आमच्या एका सहकारी बाईंनी तिच्याकडे ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली दिली. ग्रंथालय म्हणजे कार्यालयाच्या कोपऱ्यातलं एक लोखंडी कपाट, दार ओढलं की करकरायचं. किल्लीला सुतळी बांधलेली होती. मधल्या सुट्टीत कपाट उघडायचं, पुस्तक देताना रजिस्टरमध्ये नाव, तुकडी, तारीख लिहायची, परत आलं की पानं उलटून फाटलंय का ते बघायचं. मुलगी अबोल होती, घरात सहा भावंडांत मधली. मेळाव्यात ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्या एकटीच्या ताब्यात होती. मी रात्री किल्ली उशाखाली ठेवून झोपायचे. घरी कुणाला दाखवली नाही. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, दहावीचं वर्ष आहे, हे उद्योग कशाला, देऊन टाक बाईंना."

तिची आई खरंच तसं म्हणाली असती. तुम्हीही म्हणाला असता, मीही आई आहे, मलाही तो मोह झाला असता. दहावीच्या वर्षाचं ओझं आपण घराच्या आढ्यावर टांगून ठेवतो. गॅदरिंगच्या नाटकात नको, लेझमात नको, हस्तलिखिताचं मुखपृष्ठ रंगवायला नको, क्लास बुडेल. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की सराव पेपर. मग शिक्षकांनी किल्ली द्यायची कुणाला आणि केव्हा?

माझं म्हणणं एवढंच नाही, आणि इथे मला नीट बोललं पाहिजे, कारण याचा सोपा अर्थ काढणं धोक्याचं आहे. मेळाव्यांत मार खाल्ल्याच्या आठवणीही निघतात. ओल्या निरगुडीचा फोक, उलट्या हातावर पट्टी, पटांगणाला फेऱ्या. सांगणारे हसतात, ऐकणारे हसतात आणि कुणीतरी म्हणतं, "सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो." मला ते पटत नाही, आणि शिक्षिका म्हणून मी ते स्पष्ट सांगते. जो उभा राहून बोलतोय तो माराला पुरून उरलेला आहे. जे उरले नाहीत ते मेळाव्याला येत नाहीत. हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नाही, त्यांतले काही देवाघरी गेलेले असतात, पण सगळे नाही. नववीनंतर लग्न लावून दिलेली मुलगी असते. वर्गात जातीवरून नाहीतर बापाच्या दारूवरून टोमणा खाल्लेला मुलगा असतो. त्यांना निमंत्रण गेलेलं असतं.

शेजारच्या तालुक्यात एका मेळाव्याला मी पाहुणी म्हणून गेले होते. मांडवाचे खांब रोवणारा, खुर्च्या मांडणारा माणूस त्याच तुकडीतला होता. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडकवायचं किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावायचं, ही चाल कितीतरी ठिकाणी होती. याला नववीत दोनदा ठेवलं, मग त्याने शाळाच सोडली. वर्गमित्र त्याला "ये, बस की" म्हणत होते. तो "जनरेटर बघायचाय" म्हणून मांडवाबाहेरच थांबला. त्या दिवशी भाषणांत शाळेच्या उज्ज्वल निकालाचा उल्लेख झाला तेव्हा मला तिथे बसवेना.

तेव्हा जागा सोडा म्हणते ती डोळे मिटून नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतो. घरी बसून मूल वाचता आलं पाहिजे. एरवी हसतंखेळतं लेकरू ठरावीक तासाच्या दिवशीच पोट दुखतं म्हणत असेल, एकाच विषयाची वही कोरी राहत असेल, एखाद्या शिक्षकांचं नाव निघालं की विषय बदलत असेल, तर थांबू नका. ग्रुपवर लिहू नका, शाळेत जा. आधी त्या शिक्षकांशी समोर बसून बोला, मग मुख्याध्यापकांशी. अंगचटीला येण्यासारखं काही असेल तर मग कुणाशी आधी बोलायचं हा प्रश्नच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली तो गुन्हा आहे. तक्रार थेट पोलिसांत करता येते आणि १०९८ या क्रमांकावर फोन करून मदत मागता येते. मूल शिक्षकांच्या ओटीत घालणं म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवणं नव्हे.

बाकी रोजच्या बारीकसारीक गोष्टी मात्र मुलालाच निस्तरू द्या. कंपासपेटी हरवली, गृहपाठ राहिला, मैत्रीण बोलेनाशी झाली, सर रागावले. संध्याकाळी ऐकून घ्या, "मग तू काय करणारेस?" विचारा आणि उद्याची वाट बघा.

आणखी एक, यावर माझा जीव तुटतो. मुलांसमोर त्यांच्या शिक्षकांबद्दल बोलताना जपा. "त्या बाईंना काय येतंय", "आता पूर्वीसारखे मास्तर राहिले नाहीत" हे जेवताना सहज बोललं जातं. दुसऱ्या दिवशी ते मूल त्याच बाईंसमोर बसतं आणि त्याचे कान बंद असतात. तुम्ही क्लासला कितीही पैसे भरा, ते दार पुन्हा उघडायला महिने जातात. शिवाय आजचे शिक्षक कशात उभे आहेत तेही बघा. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हापासून तरुण शिक्षकाची पहिली तीन वर्षं मानधनावर जातात. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षं नाममात्र पगारावर शिकवणारे आहेत, तासिका तत्त्वावर दोन-तीन शाळा गाठणारे आहेत. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, पोर्टलवर भरायचे तक्ते वेगळेच. एवढं करून एखादे सर मधल्या सुट्टीत हौदाकडे बघत असतील, तर त्यांना तुमचा एक चांगला शब्द कळू द्या. शिक्षकांनी मुलाचं काही चांगलं केलेलं तुमच्या कानावर आलं, तर दोन ओळींची चिठ्ठी मुलाच्या हाती पाठवा. मला आलेल्या अशा चिठ्ठ्या मी पाठ्यपुस्तकांत ठेवल्यात, त्यातल्या काही पालकांनी स्वतः लिहिलेल्या नाहीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या आहेत.

आणि तुमच्या स्वतःच्या शाळेबद्दल मुलांना सांगत चला. 'आमच्या वेळी असं नव्हतं' अशी सुरुवात केलीत की मुलं उठून जातात. त्यापेक्षा तुम्ही कोणत्या बाकावर बसायचा, वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाच्या घरी अभ्यासाला जायचा, कोणत्या सरांची भीती वाटायची आणि का, पहिलं बक्षीस कशात मिळालं, असं एकेक सांगा. फजितीही सांगा. नववीतलं मूल हे फार लक्ष देऊन ऐकतं, चेहऱ्यावर दाखवत नाही इतकंच.

तुमच्या तुकडीचा मेळावा यंदा ठरला असेल तर मुलाला घेऊन जा. मागच्या खुर्चीवर बसू द्या, कंटाळला तर पटांगणात हिंडू द्या. मागच्या मे महिन्यात एक विद्यार्थी त्याच्या आठवीतल्या मुलीला घेऊन आला होता. नाशिकला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, बोलणं शिस्तीचं. वर्गमित्रांनी त्याला जुन्या टोपणनावाने हाक मारली, पाठीत धपाटा घातला, विज्ञानाच्या सरांनी "परीक्षानळ्या किती फोडल्यास ते सांग आधी" म्हणून त्याला उभं केलं आणि तो दोन्ही हात मागे बांधून खरोखरच उभा राहिला. मुलगी हे सगळं बघत होती. जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं, "बाई, बाबा निबंधात कसे होते?" मी तिला सांगितलं, शेवटचा परिच्छेद त्याला कधी जमायचा नाही, पण पावसावर फार सुरेख लिहायचा. ती उठली आणि सरळ विज्ञानाच्या सरांकडे गेली. तिथे त्या दोघांचं बराच वेळ काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. तिच्या बापानेही विचारू नये, एवढं मात्र मी त्याला सांगून ठेवलं.